घेवड्याच्या नऊ कुंड्या

हे सगळं घडलं एकोणीसशे शहात्तर साली. साल पक्कं लक्षात आहे, कारण त्याच वर्षी मला चष्मा लागला आणि आता हिला कोण पसंत करणार म्हणून आईने तीन दिवस माझ्याशी अबोला धरला होता. चष्म्याचा दोष तिने सूक्ष्मदर्शकाला दिला. त्यात खोटं काही नव्हतं.

मी तेव्हा तेवीस वर्षांची होते आणि पीक संशोधन केंद्राच्या एका लांबट खोलीत झाडांचे काप घेत होते. हे काम आता यंत्रं करतात. त्या काळी आमच्याकडचं यंत्र कपाटावर झाकून ठेवलेलं असे आणि काम हातानेच चाले. गाजराचा तुकडा घ्यायचा, त्याला उभी चीर द्यायची, चिरेत झाडाचं खोड किंवा पान धरायचं आणि वस्तऱ्याने गाजरासकट चकत्या काढत जायचं. चकत्या इतक्या पातळ, की काचेच्या वाटीतल्या पाण्यात टाकल्यावर आहेत की नाहीत असा संशय यावा. शंभरात चार-पाच कामाच्या निघत. त्या मऊ कुंचल्याने उचलायच्या, लाल रंगात बुडवायच्या, धुवायच्या, काचपट्टीवर ठेवून पाहायच्या आणि दिसेल त्याचं चित्र काढायचं. वस्तरा माझ्या आजोबांचा होता, दाढीचा. म्हणून केंद्रात सगळे मला वस्तरेबाई म्हणत. सकाळी मी कातडी पट्ट्यावर वस्तरा परजायला लागले की येणारा-जाणारा दारातून विचारायचा, आज कुणाची हजामत.

बाबा त्याच केंद्रात फवारणीवाले होते. सत्तावीस वर्षं. त्यांच्याकडे पाठीवरचे दोन पंप होते: लाल पट्ट्याचा तणनाशकासाठी, आणि बिनपट्ट्याचा किडीच्या औषधांसाठी. या दोघांची सरमिसळ त्यांनी कधी होऊ दिली नाही. आणि लाल पट्ट्याचा पंपसुद्धा काम झालं की ते धुण्याच्या सोड्याच्या पाण्यात दिवसभर भिजत ठेवत, मग सात पाण्यांनी धूत. सातवं पाणी फेकून देत नसत. पंपघराच्या खिडकीत घेवड्याची कुंडी असे, तिच्यावर ते सातवं पाणी मारत. घेवडा तणनाशकाला फार नाजूक. थेंबभर राहिलं असलं तरी दोन-तीन दिवसांत मान टाकतो, पानं वाटीसारखी वळतात. घेवडा ताठ राहिला की पंप स्वच्छ. हे त्यांना कुणी शिकवलं नव्हतं, कुठल्या पुस्तकात वाचलेलंही नव्हतं. आई म्हणायची, मला आंघोळीला दोन बादल्या घेतल्या तर यांच्या कपाळाला आठ्या, आणि पंपाला सात पाणी.

दोन वर्षांपासून केंद्रात एका नव्या तणनाशकाचे प्रयोग चालू होते. गव्हावर मारलं तर गहू तग धरी आणि रुंद पानांचं तण मरे, असं त्याचं कौतुक. त्या प्रयोगातल्या झाडांचे काप मीच घेत असे. लोकांना वाटतं तणनाशक झाडाला जाळतं. हे जाळत नसे. हे झाडाला वाढायला लावी, भलत्या वेळी आणि भलत्या जागी. निरोगी खोडाचा काप पाहिला तर पेशी कशा, एखाद्या सुगरणीने ताटात मांडून ठेवल्यासारख्या, पाणी वाहणाऱ्या नळ्यांचं कडं गोल, सालीखाली सगळं शिस्तीत. औषध लागलेल्या खोडात ते कडं फुगून वाकडंतिकडं झालेलं, नळ्यांच्या भोवती पेशींची दाटीवाटी, परवानगी नसलेली वस्ती रातोरात उठावी तशी. खोडाच्या आतूनच मुळांचे कोंब साल फोडायला निघालेले. पानात तर मधला हिरवा गर जवळजवळ नाहीसा आणि शिरा एकमेकींना चिकटलेल्या. अशी तीनशेवर चित्रं मी काढली होती. डोळे मिटले तरी मला ती दिसत.

त्या वर्षी एका बुधवारी टोमॅटोबाई माझ्या खोलीत आल्या. टोमॅटोचं वाण तयार करणाऱ्या शास्त्रज्ञ त्या. पन्नाशीच्या, एकट्या, जाड आवाजाच्या. कुणाशीही भांडून आपल्या झाडांसाठी हवं ते मिळवणाऱ्या. आठ वर्षं त्या एकच टोमॅटो घडवत होत्या, कडक उन्हातही न तडकणारा. शेवटच्या निवडीची अडीचशे झाडं मधल्या तुकड्यात उभी होती आणि सगळं बी त्यांच्यातूनच मिळायचं होतं. आदल्या वर्षीच्या बियांच्या बरणीला बुरशी लागली होती. म्हणजे आठ वर्षं त्या अडीचशे झाडांवर उभी होती.

बाईंनी रुमाल उघडला. आत टोमॅटोचे शेंडे होते. पानं सुतळीसारखी बारीक, कडा आत वळलेल्या, देठ पिळलेले. रोगसाहेबांनी सकाळीच तुकडा पाहिला होता. रोगविभागाचे प्रमुख ते. विषाणू आहे, लागट आहे, उपटा आणि जाळा, असं सांगून ते गेले होते. शेजारी मिरचीचे आणि भोपळ्याचे प्रयोग होते, त्यांना लागण व्हायच्या आत. केंद्रप्रमुख दौऱ्यावर होते, ते पुढल्या आठवड्यानंतरच्या सोमवारी यायचे होते. त्यांची सही झाली की आग. मधे बारा दिवस.

रोगसाहेब वाईट माणूस नव्हता, हे सांगायलाच हवं. काही वर्षांपूर्वी कुणाच्या तरी रडण्यामुळे त्यांनी एक वाफा जाळायला आठवडा उशीर केला होता आणि सबंध हंगाम गेला होता. दुधाने तोंड पोळलेलं.

बाई म्हणाल्या, त्याला जे दिसलं ते त्याने सांगितलं, तू आतलं सांग.

त्या समोर बसून राहिल्या आणि मी काप घेतला. तिसऱ्याच चकतीला सगळं दिसलं. फुगलेलं कडं, नळ्यांभोवतीची वस्ती, साल फोडायला निघालेले कोंब. हा रोग नव्हता. हे ते औषध होतं. म्हणजे झाडं लागट नव्हती, जाळायची गरज नव्हती, सावरण्याचीही आशा होती. पण हे मी बोलले की पुढचा प्रश्न एकच होता, की टोमॅटोवर ते औषध गेलं कुणाच्या हातून. आणि केंद्रात फवारणारा माणूस एकच होता.

मी मान वर न करता म्हटलं, काप नीट नाही आला, उद्या पुन्हा घेते.

बाई म्हणाल्या, “वस्तरेबाईचा काप आला नाही? ऐकावं ते नवलच.” आणि शेंडे तिथेच ठेवून गेल्या.

दुसऱ्या दिवशीही मी तेच सांगितलं. माझ्या पायाला भिंगरी लागली होती. खोलीत बसवेना, तुकड्याकडे जाववेना. पंपघरासमोरून तीनदा गेले आणि तीनदा आत न जाता परतले. संध्याकाळी जेवताना सहज विचारल्यासारखं बाबांना विचारलं, गेल्या महिन्यात लाल पंपाचा दांडा मोडला होता ना, तेव्हा काय केलंत.

त्यांनी सरळ सांगितलं. दांडा दुरुस्तीला गेला तेवढे आठ दिवस एकाच पंपाने दोन्ही कामं केली. आधी तणनाशक, मग सोडा, सात पाणी, मग टोमॅटोवर किडीचं औषध. त्यानंतर लाल पंप परत आला आणि दुसरा खुंटीवर गेला, तो अजून खुंटीवरच आहे.

“आणि घेवडा?” मी विचारलं.

त्यांचा घास हातात राहिला. त्या आठवड्यात जुना घेवडा वाळला होता आणि नवा पेरलेला उगवला नव्हता. सातवं पाणी त्यांनी तसंच ओतून दिलं होतं. सत्तावीस वर्षांत एकदाच. मग त्यांनीच विचारलं, “का गं?”

मी काही नाही म्हटलं. पण चार भिंतींच्या घरात काही नाही म्हटल्याने काही लपत नाही.

शुक्रवारी जेवणाच्या सुट्टीत ते माझ्या खोलीत आले. इतक्या वर्षांत कधी आले नव्हते. चपला बाहेर काढल्या आणि म्हणाले, दाखव. मी एका काचपट्टीवर निरोगी टोमॅटोचं खोड ठेवलं, दुसरीवर बाईंच्या तुकड्यातलं. त्यांना एक डोळा मिटून बघायला जमेना, तेव्हा मीच त्यांच्या डोळ्यावर हात धरला. बराच वेळ ते बघत होते. मग विचारलं, हा रोग नाही असं ठरलं तर झाडं वाचतात का. मी म्हटलं, बहुतेक. त्यांनी मान हलवली, चपला घातल्या आणि गेले.

शनिवारी सकाळी त्यांनी कार्यालयात कागद लिहून दिला. पंप नीट धुतला गेला नसावा, त्यामुळे टोमॅटोच्या झाडांना तणनाशक लागलं असावं, चूक माझी. मला किंवा आईला एका शब्दाने विचारलं नाही. दुपारपर्यंत त्यांच्याकडून पंपघराची किल्ली घेतली गेली आणि त्यांना आवार झाडायला लावलं.

आणि एवढं करून उपयोग शून्य. रोगसाहेब म्हणाले, बाईंचं रडणं बघून म्हातारा विरघळला आहे, त्याच्या ‘नसावा’ आणि ‘असावं’वर मी शेजारचे प्रयोग पणाला लावणार नाही. माझी चित्रं बाईंनी त्यांच्यापुढे नेऊन ठेवली, तर म्हणाले, विषाणूनेही पेशी बिघडतात, सिद्ध करून दाखवा. सोमवारची आग कायम.

रविवारी बाबा घरात येरझाऱ्या घालत होते. दारापासून खिडकीपर्यंत, खिडकीपासून दारापर्यंत. आई म्हणाली, फरशी झिजेल. त्यांना ऐकू गेलं नाही. हातांची बोटं हलत होती, जणू पंपाचा दांडा हातात आहे. त्यांचा स्वतःवरचाच विश्वास उडाला होता. सोडा घातला होता ना? सात पाणी झाली ना, की सहाच? हे ते मला विचारत होते, जशी मी तिथे होते. बापाला असं स्वतःचीच चोरी शोधताना बघणं फार वाईट. आणि शोध सुरू करून दिला होता मी.

मधेच ते थांबले आणि म्हणाले, “पण एक कळत नाही मला. पंपात राहिलं असेल तर पहिल्या ओळीला जास्त लागेल, मग कमी कमी होत जाईल. पंप ओळीने चालतो. तिथे तर ठिकठिकाणी गोल पडलेत.”

मी चपला घातल्या. आईने विचारलं, रविवारी कुठे. मी काहीतरी बोलले आणि निघाले.

तुकड्यात कुणी नव्हतं. बांधावर उभं राहून पाहिलं तर बाबा म्हणाले ते खरंच होतं. सगळीच झाडं पिळवटलेली होती, पण पाच जागी, बैठकीच्या सतरंजीएवढ्या गोलात, ती अगदी सुतळी झाली होती. फवारणी गोल करत नाही. गोल करतो ढीग. गाडीतून खत उतरवतात तेव्हा आधी ढीग पडतात, मग ते पसरतात, आणि ढिगाच्या जागी थोडं जास्तच राहतं. बाई पोत्यातल्या खताच्या विरोधात होत्या. गोठ्यातलं सगळं शेणखत भांडून आपल्या टोमॅटोसाठी त्याच नेत, दुसऱ्या कुणाला पाटीभरही मिळत नसे.

एका गोलातलं खत मी ओच्यात भरून आणलं. शेणखतात तणनाशक कुठून येणार, हा विचार तेव्हा मनात आलाच नाही. मला फक्त एवढं दिसत होतं, की पंपाशिवाय दुसरं काहीतरी आहे.

आईने भिजत घातलेले घेवड्याचे दाणे होते, त्यांना मोड आले होते. सत्तावीस मोजून घेतले. नऊ कुंड्या मांडल्या, प्रत्येकीत तीन दाणे. तीन कुंड्यांत साधी माती. तीन कुंड्यांत माती आणि ते खत. उरलेल्या तीन कुंड्यांत साधी माती, पण त्यांना खुंटीवरच्या पंपाच्या तळाशी राहिलेलं पाणी. पंपघराची किल्ली आता दुसऱ्याकडे होती. त्याला मी म्हटलं, बाबांचा डबा आत राहिलाय. खोटं बोलायची सवय चार दिवसांत लागते.

कुंड्या मी केंद्रातल्या माझ्या खोलीच्या खिडकीत ठेवल्या. त्यानंतरचे दिवस मी कसे काढले ते माझं मला ठाऊक. दर तासाला उठून बघायची. काप घेताना दोनदा अंगठा कापला. बाई येत, कुंड्यांकडे बघत, काही न विचारता जात. बुधवारी दाणे मातीबाहेर आले, नऊच्या नऊ कुंड्यांत सारखेच. गुरुवारी सारखेच. शुक्रवारी पानं उलगडली आणि मला वाटलं, खताच्या कुंड्यांत पानं जरा खोलगट आहेत का? की मलाच तसं हवंय म्हणून दिसतंय? मी चष्मा पुसून पुन्हा पाहिलं. रडू आलं, कारण काहीच ठरेना.

शनिवारी सकाळी ठरलं. खताच्या तिन्ही कुंड्यांत घेवड्याने मान टाकली होती, देठ आकड्यासारखे वाकले होते, पानं वाटीसारखी वळली होती. साध्या मातीतला घेवडा ताठ. आणि पंपाच्या पाण्यातला घेवडाही ताठ. बाबांचा पंप स्वच्छ होता. सात पाणी झाली होती.

माझा आनंद अर्धा तास टिकला. रोगसाहेब विचारणार होते, खतात औषध आलं कसं. तेवढं उत्तर घ्यायला मी गोठ्यात गेले. गोठेवाले मामा धारा काढून बसले होते. मी विचारलं, मामा, गेल्या हंगामात गायींना नवीन काय घातलंत.

ते हसले. “नवीन कुठलं? तूच दिलेलं काड. विसरलीस होय?”

मी विसरले नव्हते. आठवायची गरज पडली नव्हती, इतकंच. गव्हाच्या प्रयोगातले भारेच्या भारे माझ्या खोलीमागच्या पडवीत येऊन पडत. प्रत्येक वाफ्यातली दहा झाडं मी कापांसाठी घेई. बाकीचं काड जाळायचं, असा नियम होता. तो माझ्याच टेबलावरच्या भिंतीला पाटीवर लिहिलेला होता. पहिल्या वर्षी मी जाळलं. दुसऱ्या वर्षी गोठ्यातला चारा ओल लागून सडला होता. मामा पडवीच्या खांबाला टेकून उभे राहिले आणि म्हणाले, पोरी, गायी उपाशी आणि तू सोन्यासारखं काड जाळतेस. आमच्या घरात भाताचं शीतसुद्धा टाकलं की आईचा हात उठायचा. चांगलं काड जाळायचं म्हणजे मला पाप वाटत होतं. ने म्हटलं. तीन आठवडे ते नेत होते. गायींना काही झालं नाही. औषध त्यांच्या पोटातून जसंच्या तसं शेणात गेलं, शेणातून खतात आणि खतातून बाईंच्या झाडांत. काखेत कळसा आणि गावाला वळसा.

मामांना मी काहीच सांगितलं नाही. संध्याकाळी बाबांना सांगितलं. ते नळाशी बसून चपलेचा अंगठा शिवत होते. सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाले, “माझं एक वर्ष राहिलंय. तुझी पस्तीस आहेत. कागद मी दिलाय, तू मधे पडू नकोस. खताच्या तीन आणि मातीच्या तीन, एवढ्याच कुंड्या ने. झाडं वाचतील तेवढ्यात.”

“आणि खतात कसं आलं म्हणून विचारलं तर?”

“सांग, बाबांनी पंप गोठ्याशी धुतला असेल.”

मी म्हटलं, “बाबा, पंप स्वच्छ होता.”

त्यांचा दाभण थांबला. “खरंच होता?”

“तीन कुंड्या सरळ उभ्या आहेत.”

ते उठले, नळ सोडला, तोंड धुतलं, बराच वेळ धूत राहिले. मग पंच्याने तोंड पुसत म्हणाले, “मला कळलं ना? मग झालं. आणखी कुणाला कळायची काय गरज आहे.”

रविवारभर मी ते वाक्य घेऊन घरात फिरले. आता येरझाऱ्या माझ्या होत्या. ते म्हणत होते ते सोपं होतं, आणि त्यांना ते मनापासून हवं होतं. माझी खोली, माझा वस्तरा, माझी चित्रं, सगळं राहिलं असतं. आई दोनदा म्हणाली, एका घरात दोन पिसाळलेली माणसं नकोत. तिला आम्ही काहीच सांगितलं नव्हतं.

सोमवारी सकाळी मी पाटीत सहा कुंड्या ठेवल्या आणि दारापर्यंत गेले. खिडकीत तीन कुंड्या राहिल्या होत्या. तीन गुणिले तीन, नऊ रोपं, ताठ, ऊन खात. मी परत फिरले आणि त्याही पाटीत घेतल्या. पाटी जड झाली.

केंद्रप्रमुखांच्या खोलीत टेबलावर रोगसाहेबांचा कागद सहीसाठी पडला होता. बाई खिडकीकडे तोंड करून उभ्या होत्या. मी कुंड्या तीन रांगांत मांडल्या आणि कुठल्या रांगेत काय ते सांगितलं. रोगसाहेब वाकले. एकेका रोपाचं पान त्यांनी बोटांनी उलटवून पाहिलं, देठ पाहिले, चष्मा काढून पुन्हा पाहिलं. मग ते म्हणाले, विषाणू काही कुंड्या निवडून लागत नाही. आणि टेबलावरचा आपला कागद उचलून त्यांनीच तो फाडला. बाईंनी मागे वळून पाहिलं नाही, फक्त खिडकीच्या गजाला धरलेला हात खाली आला.

“पण शेणखतात आलं कुठून?” रोगसाहेबांनी विचारलं.

मी सांगितलं. काड, पडवी, मामा, तीन आठवडे, सगळं. मामांनी मागितलं हे सांगितलं, पण द्यायचं की नाही हे माझ्या हातात होतं, हेही सांगितलं.

“भिंतीवरची पाटी वाचता येत होती ना?”

“येत होती.”

“मग?”

“काड चांगलं होतं, साहेब.”

प्रमुखांना हसू आलं. रोगसाहेब हसले नाहीत. माझ्याकडे बघून त्यांनी हळूच मान हलवली.

त्याच दिवशी तुकड्यातलं खत खरवडून काढलं गेलं. बाबांना तिसऱ्या दिवशी किल्ली परत मिळाली. मला बीभांडारात पाठवलं, बी निवडायला. वस्तरा मी तेलाचं फडकं गुंडाळून घरी आणला.

आता पुढचं सांगते, कारण यातलं कुणीच आता सांगायला उरलेलं नाही.

अडीचशेपैकी ऐंशी झाडं सावरली. त्यांनी खालून नवे, सरळ पानांचे फुटवे दिले आणि त्यांच्या फळांतून बी निघालं. टोमॅटोबाईंचं वाण पाच वर्षांनी बाहेर आलं, नुसत्या क्रमांकाने. बाईंनी मला शिक्षा व्हावी म्हणूनही तक्रार केली नाही आणि आभारही मानले नाहीत. पण बीभांडारात दर हंगामाला पहिल्या फळांची टोपली माझ्या टेबलावर येई, चिठ्ठीशिवाय. निवृत्त झाल्यावर त्या बहिणीकडे राहायला गेल्या आणि तिथे, असं ऐकलं, शेजाऱ्यांशी गच्चीवरच्या कुंड्यांवरून भांडत राहिल्या.

गोठेवाले मामा पुढे माझ्याशी वर्षभर बोलले नाहीत. मी त्यांचं नाव घेतलं याचा राग. मग एक दिवस दुधाची चरवी घेऊन दारात आले आणि आईला म्हणाले, तुमची पोर काड देते पण नाव राखत नाही. आईने तेवढ्याच ठसक्यात चरवी ठेवून घेतली. तिला सगळी हकीकत त्या दिवशी कळली आणि तिने आम्हा दोघांशी मिळून सहा दिवसांचा अबोला धरला, तिच्या आयुष्यातला सगळ्यांत मोठा.

रोगसाहेबांनी दोन वर्षांनी मला बीभांडारातून काढून आपल्या विभागात नेलं. म्हणाले, वस्तरा गंजला नसेल तर घेऊन ये. प्रयोगातलं काहीही बाहेर जाण्याआधी घेवड्यावर पाहायचं, हा नियम त्यांनीच केला. त्या नियमाला बाबांचं नाव द्यावं असं त्यांच्या मनात होतं, पण तसं कुठे लिहिलं गेलं नाही.

बाबांचा कागद मात्र राहिला. प्रमुखांनी माझं निवेदन त्यांच्या फायलीला जोडलं होतं, असं ते म्हणत, पण जुना कागद काढला नव्हता. केंद्रात कागद लागतो, निघत नाही. पुढच्या वर्षी बाबांच्या निरोपाच्या दिवशी नव्या कारकुनाने फायलीवरून वाचून दाखवलं: स्वतः कबूल केलेली एक चूक वगळता अठ्ठावीस वर्षं निर्दोष सेवा. लोकांनी टाळ्या वाजवल्या. मी उठायला लागले. बाबांनी समोरूनच मान हलवली, बस म्हणून. मी बसले. बसायला नको होतं, असं आजही वाटतं. त्यानंतर ते अकरा वर्षं जगले. हातात पंप नव्हता, तरी खिडकीत घेवड्याची एक कुंडी कायम असायची.

लग्न माझं उशिरा झालं, चष्म्यासकट. वस्तरा अजून माझ्याकडे आहे, त्याने आता फक्त पेन्सिलीला टोक काढते. गॅलरीत चार कुंड्या आहेत. खताचं पोतं आणलं की आधी त्यातलं मूठभर घेऊन तीन दाणे घेवडा लावते आणि वाट बघते. सुना हसतात. गेल्या आठवड्यातल्या पोत्याचा घेवडा परवा उगवला. पानं अजून उलगडायची आहेत. मी सकाळपासून पाचदा बघून आले.